चहाची सरासरी

माझा आणि गणिताचा काडीमोड मॅट्रिकलाच झाला होता, आणि तोही दोघांच्या संमतीने. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं आणि महाळुंगे पडवळला हायस्कुलात मराठी-इतिहास शिकवायला लागलो. गावात मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे ‘सर’ म्हणतात. असा बऱ्यापैकी जम बसलेला माणूस पंचेचाळिशीला टेकल्यावर घोडेगावच्या एका वर्गात ‘प्राथमिक सांख्यिकी’ शिकायला का बसला, असं पुष्कळांनी विचारलं. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी मागे. मागे विचारणाऱ्यांचं उत्तर त्यांचं त्यांनीच देऊन टाकलं: सरांना पेन्शनीआधी हेडमास्तर व्हायचंय.

खरं कारण माझी बायको प्रतिभा. ती गावातली अंगणवाडी चालवते. लग्न झालं तेव्हा तिची बारावी झाली होती. पुढे शिकायचं होतं, पण राहून गेलं. ते का राहून गेलं याविषयी आमच्या घरात दोन मतं आहेत आणि त्यातलं माझं मत मी मोठ्याने मांडत नाही. अठ्ठ्याण्णव साली अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या जागा भरणार अशी बातमी आली. तालुक्याच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, “पोरांची वजनं-उंच्या तुम्ही रोज लिहिता, मग आकडेमोडीचा एखादा कोर्स करून टाका ना. अर्जाला बळ येईल.” प्रतिभा त्या दिवशी घरी आली ती हिशोबाने दोन पोळ्या कमी जेवली. ती खूश असली की कमी जेवते.

असा कोर्स घोडेगावला निघाला होता. दर रविवारी वर्ग, सहा महिने, शेवटी परीक्षा. आम्ही दोघं माझ्या एम-एटी गाडीवरून नाव घालायला गेलो. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “बॅचला वीस लागतात. बाईंना धरून एकोणीस झालेत. आज शेवटची तारीख. अजून एक आला तर वर्ग, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

प्रतिभा नुसती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला अशा बघण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

“मी बी.ए. बी.एड. आहे,” मी क्लार्कला जरा ताठ होऊन सांगितलं.

“बारावी झालीय का?”

आमच्या वेळी बारावी नव्हती. अकरावीला मॅट्रिक व्हायची आणि मग पी.डी., म्हणजे प्री-डिग्री. हे मी त्याला इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल अशा सविस्तरपणे समजावून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे बारावी नाही.” मी म्हणालो, बारावीच्या वरचं सगळं आहे. तो म्हणाला, वरचं कुणी मागितलंच नाही. शेवटी मी घरी जाऊन ट्रंकेच्या तळातून पी.डी.चं प्रमाणपत्र शोधून आणलं, त्याची खरी प्रत करायला एक अधिकारी गाठला, तो जेवायला गेलेला होता, तो येईपर्यंत थांबलो, आणि खिडकी बंद होता होता विसावा विद्यार्थी झालो. येताना मी प्रतिभाला म्हणालो, “काळजी करू नकोस. काही अडलं तर मी आहे शिकवायला.” ती मागच्या सीटवर होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

पहिल्या रविवारी वर्गात पाऊल टाकलं आणि फळ्यापुढचे प्राध्यापक ताडकन उभे राहिले. हौशीराम! माझ्या हाताखालून गेलेला. मराठीत बेताचा, पण गणितात असा की आमच्या स्टाफरूममध्ये त्याला सगळे जपून असत. प्राध्यापक उभे राहिले म्हणून शिनोलीकडून आलेल्या दोन शिक्षिका उभ्या राहिल्या, त्या राहिल्या म्हणून सगळा वर्ग उभा राहिला. मीही मागे वळून कोण आलंय ते बघितलं. “बसा सर,” हौशीराम मला म्हणाला. आम्ही सगळे बसलो. हा प्रकार पुढे प्रत्येक रविवारी झाला. त्यामुळे मला उशिरा जायची सोय राहिली नाही.

सरासरी मला समजली. मध्यक थोडा समजला. प्रमाण विचलन आलं त्या दिवशी मात्र माझी गाडी रुतली. आकड्यांची सरासरी काढायची, मग प्रत्येक आकडा तिच्यापासून किती लांब आहे ते बघायचं, मग त्या अंतराचे वर्ग करायचे, मग त्यांची पुन्हा सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ. एवढं जर परत मुळावरच यायचं होतं तर आधी वर्ग कशाला केले, असं मी विचारलं. हौशीराम उत्तर द्यायला उभा राहिला. त्याने फार आदराने उत्तर दिलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. प्रतिभाला कळलं. घरी आल्यावर तिने मला ते भाकरी थापता थापता समजावलं. मी ‘हं, हं’ करत होतो.

परीक्षेला बसायच्या आधी प्रत्येक जोडीने एक सर्वेक्षण करायचं होतं. आपलं गाव घ्यायचं, सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातून तीस काढायच्या आणि तेवढ्याच घरी जायचं. विषय मी सुचवला: घरात दिवसाला चहाचे किती कप होतात? निरुपद्रवी विषय, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. मराठीच्या मास्तराला भावना फार लवकर दिसतात असा माझा समज होता.

चिठ्ठ्या प्रतिभाने पिठाच्या डब्यात टाकल्या, हलवल्या आणि तीस काढल्या. त्यातलं एक नाव आमच्या शेजारच्या सावळारामचं निघालं. सावळारामची पिठाची गिरणी आहे. तिथे जे सकाळी कळतं ते दुपारी गावाला कळतं. त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, “सरांनी चिठ्ठ्या काडल्या, माझी निघाली.”

“काय मिळालं?”

“ते अजून न्हाई कळलं. पर निघाली.”

गावात चिठ्ठी निघते ती भिशीची, नाहीतर सरपंचपदाच्या सोडतीची. ज्याची निघते त्याचं काहीतरी भलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले: चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले.

पहिल्या दिवशी मी शाळेतून रजा काढून एकट्यानेच निघायचं ठरवलं, कारण प्रतिभाला अंगणवाडी होती, आणि खरं म्हणजे मला थोडं पुढे राहायचं होतं. पहिल्या घरी विचारलं, चहाचे कप किती? यजमानांनी आत बघितलं, बाहेर बघितलं आणि म्हणाले, “धा-बारा लिवा.” मी लिहीपर्यंत चहा आला. चहा किती पिता हे विचारायला आलेल्या माणसाला चहा न देता कोण सोडेल? आणि तो न घेता उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. मी घेतला. शेजारच्यांनी भिंतीपलीकडून ऐकलंच होतं. ते म्हणाले, “त्यांचं धा-बारा? आमचं पंधरा धरा. आमच्याकडं पावणंरावळं लई.” तिथे दुधाचा, वर साय घातलेला चहा झाला. असं करत दुपारपर्यंत माझ्या पोटात एवढा चहा गेला की चालताना मला तो ऐकू येत होता. शिवाय माझ्यासाठी केलेला कप त्या दिवसाच्या हिशोबात धरायचा की नाही, या प्रश्नावर मी एका ओट्यावर बसून बराच विचार केला आणि छातीत जळजळ वाढवून घेतली.

याच अवस्थेत मी गेणभाऊंच्या दारावरून गेलो. गेणभाऊ म्हणजे आमच्या गावातलं पहिलं आवतण. लग्न असो, बारसं असो, जागरण-गोंधळ असो, निमंत्रण आधी त्यांच्या उंबऱ्याला लागतं, मग बाकी गाव. त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती. ते ओट्यावर बसले होते.

“सर, वाट चुकलात का?”

मी थांबलो. त्यांना समजावलं की यात कुणाला निवडलेलं नाही, चिठ्ठीत जे येईल ते.

“म्हंजी नशिबानं?”

“तसंच म्हणा.”

“मंग आमचं नशीब फुटकं, आसं लिवून घ्या,” गेणभाऊ म्हणाले आणि तोंड फिरवून गोठ्याकडे बघत बसले. मोठा माणूस गोठ्याकडे बघत बसला की ते फार वाईट दिसतं. मी गेलो, ओट्यावर बसलो. कुशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, वेलची घालून चहा केला. मी त्यांचं घर कागदावर लिहिलं. तिसाची एकतीस होऊ नयेत म्हणून खालच्या आळीतलं एक घर खोडलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. गेणभाऊंकडे चहा झाला म्हटल्यावर त्यांच्या भावकीने मला अडवलं. “थोरल्याच्या घरी जाता आन धाकट्याच्या दारात पाय ठिवत नाय?” त्यांना घेतलं. ज्याला खोडलं होतं तो दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन हेडमास्तरांसमोर विचारून गेला की त्याने माझं काय वाकडं केलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला जमलेल्या लोकांत कुणीतरी शोध लावला की चहाचे कप मोजतात ते रेशनच्या साखरेसाठी. जास्त चहा पिणाऱ्याची साखर कापणार. मी दुपारी पुढच्या घरी गेलो तर यजमान म्हणाले, “आमी चहाच घेत नाय, सर.” हे म्हणताना त्यांच्या हातात बशी होती. त्यांनी ती शांतपणे खाली ठेवली. त्यानंतर प्रत्येक घरात शून्य. एका घरात शून्य सांगितलं आणि मला चहा दिला. मी विचारलं, मग हा कसला? “ह्यो तुमच्यासाठी शेजारून आणला,” बाई म्हणाल्या. शेजारीही शून्यच होतं.

प्रतिभाने ते कागद घेतले. तिने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“गेणभाऊ कुठून आले यात?”

“अगं, त्यांचा मान असतो.”

“इथं मान नसतो. इथं चिठ्ठी असते.”

मी म्हणालो, सरासरी तरी बघ, साधारण बरोबर येतेय. तिने सरासरी काढली. अर्धं गाव बारा-पंधरा आणि अर्धं गाव शून्य, म्हणून ती सात आली. “सात कप पिणारं एक घर दाखवा,” ती म्हणाली.

रविवारी आम्ही ते तसंच हौशीरामपुढे ठेवलं. तो वाचत गेला तसा लाल होत गेला. पण मला रागावणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, उभा राहिला, खाली बसला आणि मग प्रतिभाकडे वळून तिलाच बोलला. घरं बदलली कशी, आकडे ताडून का पाहिले नाहीत, एवढ्या दिवसांत हेच शिकलात का? “असं सर्वेक्षण मी पुढे पाठवू शकत नाही. पुढच्या रविवारी नीट झालेलं आणा, नाहीतर दोघांनाही परीक्षेला बसता येणार नाही.” ती खाली मान घालून ऐकत होती. माझं नाव तिने घेतलं नाही. मी घसा साफ केला, “हौशीराम, चूक माझी...” असं म्हणालो, तर तो परत उभा राहिला आणि म्हणाला, “तसं नाही सर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.”

घरी येताना ती गाडीवर एक अक्षर बोलली नाही. मला तिचं भांडण चालतं, तिची तिखट भाजी चालते, पण ही गप्प बसणारी प्रतिभा मला सोसत नाही. तिला ती जागा मिळेल की नाही हे पुढचं. पण निदान अर्ज करायला मिळावा, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मी वेलचीच्या चहात बुडवून आलो होतो. मला माझा मनापासून राग आला.

तिने घरी पाऊल टाकलं, हातपाय धुतले आणि सरळ गेणभाऊंकडे निघाली. मी मागोमाग. दारात उभं राहून ती म्हणाली, “भाऊ, एक काम होतं. चिठ्ठ्या परत काढायच्यात, मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर. त्या तुम्ही काढाव्यात.”

गेणभाऊंनी पागोटं सारखं केलं. “आमीच?”

“तुमच्याशिवाय कुणी काढल्या तर गाव ऐकायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी पारावर माणूस मावेना. गेणभाऊ धुतलेलं धोतर नेसून आले. आधी त्यांनी भाषण केलं. “साखरंचा आन ह्याचा काय बी संबंध न्हाई. बाईंची परीक्षा हाय. ज्याची चिठ्ठी निघंल त्यानं खरं सांगायचं, ज्याची न्हाई निघनार त्यानं गप ऱ्हायचं. चिठ्ठी मी काडनार हाय, तवा कुनी माझ्यावर रुसायचं आसंल तर आत्ताच रुसून घ्या.” कुणी रुसलं नाही. ते डोळे मिटून डब्यात हात घालत, चिठ्ठी काढत आणि वाचायला मला देत. बऱ्याच निघाल्यावर मी एक उघडली आणि गेणभाऊंकडे बघितलं.

“वाचा की सर.”

“तुमचीच आहे.”

गेणभाऊंचा चेहरा पडला. “टाका परत.”

“भाऊ, निघाली ती निघाली,” प्रतिभा म्हणाली.

“आवो, हात माझा आन नाव बी माझंच? गाव काय म्हनंल? मी न्हाई घ्यायचा.” गेल्या आठवड्यात ज्याच्यासाठी हा माणूस गोठ्याकडे बघत बसला होता, तेच आता त्याला नको झालं होतं! प्रतिभाने समजावलं, सावळारामने समजावलं, भावकीने सुद्धा समजावलं. ऐकेनात. शेवटी पारावरच्या जाणत्या माणसांनी त्यांना रीतसर आवतण दिलं, तुमचं घर यात असावं अशी समद्या गावाची इच्छा हाय म्हणून. मग ते मोठ्या उपकाराने तयार झाले.

घरोघरी प्रतिभा एकटी गेली. ती ओट्यावर बसली नाही. सरळ चुलीपाशी गेली, चहाची पातेली किती आणि कधी चढतात ते बायकांना विचारलं आणि कुणाकडेही घोटभर चहा घेतला नाही. माझ्यावर एकच काम सोपवलं होतं: त्या वेळात घराबाहेर पडायचं नाही. ते मी चोख पार पाडलं. हौशीरामने तो प्रकल्प बघितला आणि या खेपेला तिच्यासाठी उभा राहिला. सगळा वर्गही उभा राहिला, अर्थात सवयीने.

परीक्षा झाली. मला प्रमाण विचलनावर प्रश्न आला. गणित सुटेना म्हणून मी त्याच्या स्वरूपावर दीड पान लिहिलं, आणि शैलीच्या दृष्टीने ते वाईट नव्हतं.

निकाल नोटीस बोर्डावर लागला. प्रतिभाचा नंबर वरच होता. माझा दिसेना. तिने बोट लावून यादी खालपर्यंत वाचली, परत वरून वाचली, आणि मग स्वतःच्या पास होण्याविषयी चकार शब्द न काढता खिडकीपाशी जाऊन त्याच क्लार्कशी भांडायला लागली. “परत बघा. यांचा पेपर नीट तपासला नसेल. हे बी.ए. बी.एड. आहेत.” क्लार्कने रजिस्टर फिरवून तिच्यापुढे धरलं. आकडा बघून तिने ते परत ढकललं. मी तिला बाजूला घेतलं. “अगं, माझं राहू दे. तू पास झालीस.”

“हो,” ती म्हणाली. “झाले.” आणि तिथे पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसलो. येणारे-जाणारे माझ्याकडे समजूत काढल्यासारखं बघत होते, त्यांना वाटलं बाई नापास झाल्या. मी प्रत्येकाला सांगत होतो, “पास झाली, पास. नापास मी आहे.” मला त्यात काही कमीपणा वाटेना.

पेढे घेऊन आम्ही आधी गेणभाऊंकडे गेलो. त्यांनी निकाल ऐकला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, कळतंय मला. घरच्यांना शिकवता शिकवता तुमचा अभ्यास मागं पडला. मोठं मन पायजे त्याला.”

निसटायची वाट चांगली होती. गावाने माझ्यासाठी आपणहून झाडून ठेवली होती, आणि तिच्यावरून मी मान वर करून निवृत्तीपर्यंत चालू शकलो असतो. प्रतिभा पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होती. तिने वर बघितलंही नाही.

“नाही गेणभाऊ,” मी म्हणालो. “मी काही शिकवलं नाही. अभ्यास करूनच नापास झालो. तीच मला शिकवत होती, मला येईना.”

गेणभाऊंनी माझ्या पाठीवरचा हात काढला. मग त्यांनी मान वळवून आत हाक दिली, “अगं ए, पेढं आल्यात बघ. प्रतिभाबाई पास झाल्या.”

गावात तिला ‘सरांच्या बाई’ म्हणतात. वीस वर्षांत दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी स्वतः ‘अगं’ म्हणतो.

आतून कुशाबाईंचा आवाज आला, “कोन प्रतिभाबाई?”

गेणभाऊ म्हणाले, “आगं, आपल्या सरांच्या...” आणि थांबले. त्यांना पुढे कसं सांगावं ते सुचेना.

“मी, मावशी,” प्रतिभा आत जात म्हणाली. “मी प्रतिभा.”